जुन्या स्टीलच्या फ्रेमवर हटके सायकल बनवायचीये, सुरुवात कुठून करू?

रंग कुठला द्यायचा ते नंतर बघा. आधी सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम हलतोय का बघा, जुन्या फ्रेममध्ये हे दोन्ही गंजून असे धरून बसतात की विचारू नका, तेल सोडून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग फिरवायचं, हातोडा अगदी शेवटी. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) मागे खालच्या नळीवर बोट फिरवा, फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर समोरून धडक खाल्लेली असू शकते, सोडा ती फ्रेम.

मग मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) जागा मोजा, म्हणजे चाक बसतं तिथलं फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर. जुन्या फ्रेममध्ये बऱ्याचदा १२० किंवा १२६ मिमी असते आणि नंतरचे रोड हब १३० चे. स्टील आहे म्हणून थोडी फाकवता येते (ॲल्युमिनियमला हे अजिबात करू नका), फक्त दोन्ही बाजू सारख्या फाकल्यात का ते दोरा ताणून तपासा. २७ इंची चाक काढून ७००सी (रोड सायकलच्या चाकाचं माप) टाकणार असाल तर रिमचा व्यास ८ मिमीने कमी होतो, म्हणजे ब्रेक पॅड ४ मिमी खाली पोचायला हवेत.

आणि हो, बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो तो भाग) चेनकडचा कप बहुतेक फ्रेमवर उलट्या आट्यांचा असतो. मी पहिल्यांदा सुलटा समजून अर्धा तास पान्याला लोंबकळलो होतो 😅

पुढे छोटं चाक लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्याने पुढची बाजू खाली जाते, हँडल चुळबुळ करतं आणि वळताना पेडल जमिनीला घासतं. त्यापेक्षा लांब केळं सीट आणि उंच हँडल लावा, गंमत तेवढीच आणि दातही शाबूत.