जर्मनीत ऑपेरा गायला येण्यापूर्वी

वसईच्या चर्चमधील क्वायरमध्ये गाणाऱ्या मुलीला ऑपेराच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवावे का आणि पुढे तिला तिथे काम मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. प्रवेशपरीक्षा, व्हिसा आणि बँकेत अडकवून ठेवायची रक्कम यांची माहिती दूतावासाकडे मिळेलच. मी त्यानंतरच्या आयुष्याविषयी लिहिते.

काम मिळू शकते. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडले, तरी तिथे पगारी गायकांचा कायमचा संच नाही. जर्मनीत मात्र मध्यम शहरांतही सरकारी अनुदानावर चालणारी, स्वतःचा वाद्यवृंद आणि पगारी गायक असलेली थिएटरे आहेत. नेमणूक आवाजाच्या प्रकारानुसार होते, त्याला इथे 'फाख' म्हणतात. हलक्या सोप्रानोला, म्हणजे स्त्रियांच्या उंच पट्टीच्या आवाजाला, मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातील पापागेनाची भूमिका मिळू शकते, पण त्यात गाण्यांच्या मधले संवाद जर्मनमध्ये बोलावे लागतात, म्हणून तिला उच्चारांवर आतापासूनच मेहनत घेऊ द्या. निवडचाचणीत पियानोच्या साथीवर गाताना आरिया, म्हणजे ऑपेरातले एकल गाणे, अर्ध्यावर असतानाच 'डांके' (धन्यवाद, पुरे) ऐकू आले, तरी तिने खचू नये.

खरी अडचण कराराची आहे. पुढच्या हंगामासाठी करार वाढवायचा नसेल तर थिएटर तसे बहुधा ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवते, आणि संचालक बदलला की गाण्यात काही खोट नसलेल्या गायकांनाही तो निरोप येतो. मला तो आला तेव्हा मुलगा चौथीत होता, आणि पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जायचे हे इथे बहुतेक राज्यांत त्याच वर्षी ठरते. इथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असल्याने तो देणारी कचेरी नवा करार मागत होती आणि नवे थिएटर परवाना मागत होते. या धावपळीत राज्य बदलले, आणि गणितात पुढे असलेल्या माझ्या मुलाला नव्या शाळेने, भाषा कच्ची असल्याचे सांगून, खालच्या शाखेची शिफारस केली. तो जन्मापासून जर्मन बोलत होता. तालमी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा असल्यामुळे त्याच्या अभ्यासाच्या वेळी मी घरी नसे, आणि हे मला आजही सलते. एकटेपणाचे म्हणाल तर त्याची सवय होते.

आता मी कोरसमध्ये, म्हणजे थिएटरच्या समूहगायकांत, गाते, कारण तिथून माणसाला काढणे थिएटरला तितके सोपे नसते आणि मुलाची शाळा मला पुन्हा बदलायची नव्हती. एकल भूमिकांसाठी पुन्हा चाचणी द्यावी का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.