पॅच-क्लॅम्प शिकताय? आधी सील जमवा

पॅच-क्लॅम्प म्हणजे काचेची बारीक नळी (पिपेट) पेशीला चिकटवून तिच्या आयन चॅनलमधून, म्हणजे पेशीपटलातल्या आयनांच्या वाटांमधून, वाहणारा प्रवाह मोजायची पद्धत. आयन चॅनलवर पीएचडी सुरू करताना पहिले काही आठवडे फक्त गिगाओम सीलला द्या, म्हणजे पिपेटचं टोक पेशीपटलाला घट्ट चिकटवायला. पिपेट रोज ताजी ओढायची, म्हणजे काच तापवून ताणायची. शिळ्या टोकावर धूळ बसते आणि सील काही केल्या लागत नाही. होल-सेलसाठी (पटल फोडून पूर्ण पेशीचा प्रवाह मोजायला) पिपेटचा रोध २ ते ५ मेगाओम. पिपेटमधलं द्रावण ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, पीएच ७.२ला पोटॅशियम हायड्रॉक्साइडनेच आणा. त्याची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) बाहेरच्या द्रावणापेक्षा जराशी कमी हवी, नाहीतर पेशी फुगते. पिपेट बाथमध्ये (पेशी ठेवलेल्या द्रावणात) उतरवण्याआधीच तिच्या आतून हलका दाब द्या. पेशीवर खळगा दिसला की दाब सोडा आणि हलकेच हवा ओढा, म्हणजे सील लागतं.

बेसलाइन (रेकॉर्डिंगची शून्यरेषा) सरकत असेल तर आधी इलेक्ट्रोडची चांदीची तार बघा. क्लोराइडचा करडा थर उडाला असेल तर ब्लीचमध्ये पुन्हा बुडवा.

खरी फसगत सीरिज रोधात, म्हणजे पिपेटपासून पेशीच्या आतपर्यंतच्या वाटेतल्या रोधात होते. १० मेगाओम आणि २ नॅनोअँपिअर म्हणजे थेट २० मिलिव्होल्टची चूक! सोडियम चॅनलचा सक्रियण-वक्र (कोणत्या व्होल्टेजला किती चॅनल उघडतात तो आलेख) यामुळे डावीकडे सरकतो, उगाच जास्त उभा दिसतो, आणि नवखा माणूस त्यालाच म्युटेशनचा परिणाम समजतो. कॉम्पेन्सेशन, म्हणजे अँप्लिफायरने या चुकीची केलेली भरपाई, ७० ते ८० टक्के ठेवा. प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी सीरिज रोध नोंदवा. मधे २० टक्क्यांहून जास्त बदलला, तर रेकॉर्डिंग कितीही देखणं असो, टाकून द्या.