पहिली यादी दीड तासाचीच कर

ॲपवरच्या गाण्यांच्या पहिल्या यादीसाठी (प्लेलिस्टसाठी) ‘शास्त्रीय संगीत’ हा विषय नव्हे, गोदाम आहे. आधी तो आवळ. बेळगावहून धारवाडला जायला साधारण दीड तास लागतो; तेवढ्यात मावेल असं, संध्याकाळच्या रागांचं आणि फक्त याच पट्ट्यातल्या गायकांचं निवड. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व (१९२४), धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीच्या गंगूबाई हनगल. तिघं पुरेत.

सुरुवातीला जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवरचे तीन-तीन मिनिटांचे दोन तुकडे ठेव, मग एकच मोठा खयाल, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करणारं लांब गाणं. दोन मोठे खयाल लागोपाठ लावलेस तर ऐकणारा वाटेतल्या हिरेबागेवाडीलाच उतरेल!

क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरतानाच पुढचं सुरू करण्याचा पर्याय, बंद कर. तो चालू राहिला की एका गाण्याचा तानपुरा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. दोन्ही गाण्यांचे षड्ज (आधाराचे ‘सा’) वेगळे, त्यामुळे ते चार-पाच सेकंद कानाला बोचतात. आवाज समान ठेवायची सोय मात्र चालू ठेव, नाहीतर जुनं ध्वनिमुद्रण पुटपुटतं आणि नवं अंगावर येतं.

शोधताना ‘मन्सूर’ आणि ‘मनसूर’ दोन्ही टाकून बघ. एकच मैफल दोन-तीन अल्बमांत सापडते. राग आणि मिनिटं-सेकंद जुळवून जास्तीची काढून टाक.

प्रत्येक गाण्यापुढे राग लिही. ‘अप्रतिम’ लिहू नकोस.