परदेशात फिरायचं, खर्चही तिथंच कमवायचा : लेकीला पाठवू का?

प्रश्न : मुलगी 23 वर्षांची, बी.कॉम. झालीय. राजारामपुरीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते, सुट्टीला आमची खानावळ सांभाळते. तिला वर्षभर ऑस्ट्रेलियात फिरायचंय. हॉटेलात, मळ्यात काम करून खर्च भागवीन म्हणते. एक एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर जा, काम तिथं गेल्यावर मिळतं. अडीच लाख मागतोय. पाठवावं का? वर्ष वाया जाईल का?
– एक आई, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

आधी एजंटाचं. त्याला एक रुपयाही देऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर 8101 क्रमांकाची अट असते : काम करायचं नाही. 'पगार नाही, फक्त राहणं-जेवण' हा व्यवहारही काम म्हणून धरला जाऊ शकतो. सापडली तर व्हिसा रद्द, पुढच्या अर्जांनाही अडथळा. त्याहून वाईट म्हणजे मालकानं पैसे बुडवले तरी पोरगी तक्रार करायला घाबरेल.

सरळ रस्ता आहे. सप्टेंबर 2024 पासून 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा (सबक्लास 462) भारतीयांना खुला झालाय. वय 18 ते 30, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामचलाऊ इंग्रजीचा पुरावा आणि सुरुवातीच्या खर्चाला सुमारे 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर. मुक्काम 12 महिने, एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम. जागा मात्र वर्षाला 1,000, त्याही सोडतीनं. नाव नोंदवायला 25 डॉलर लागतात आणि ते घरबसल्या तिचं तिला जमेल.

आता पैशाचं, कारण मुलं इथंच फसतात. जुलै 2025 पासून तिथं किमान मजुरी ताशी 24.95 डॉलर आहे. हंगामी, रोजंदारीच्या कामाला सहसा त्यावर 25 टक्के जास्त मिळतात. ऐकून डोळे दिपतात. पण ते जास्तीचे पैसे पगारी रजा नसते म्हणून असतात. पावसानं तोडणी थांबली की त्या दिवशी हातात काही नाही. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर कापला जातो. मालक पेन्शन फंडात भरतो ते पैसे परतताना काढले तर त्यावर 65 टक्के कर, म्हणजे ते हिशेबात धरूच नका. मोठ्या शहरातलं भाडं तर पगार गिळतंच. म्हणून काही आठवडे कमवायचं, मग फिरायचं, असंच चालतं. घरी पैसे पाठवण्याची अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीची रक्कम तिच्या पगारातून साठू द्या. सोनं गहाण टाकून नको. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, हात न लावता.

वर्ष वाया जाईल असं मला अजिबात वाटत नाही. रविवारी दुपारी बाहेर रांग, आत तांबडा-पांढऱ्याच्या वाट्या भरून द्यायच्या, त्यातच पार्सलचा हिशेब चुकू द्यायचा नाही, हे ती करतेच की. कॅफेवाल्याला असंच माणूस हवं असतं. अर्जात 'घरच्यांना मदत' असं न लिहिता हे काम नीट लिहायला सांगा. जाण्याआधी इथल्याच एखाद्या कॅफेत कॉफीच्या मशीनवर हात बसवून घेऊ दे. तिथल्या पगाराच्या स्लिपा आणि मालकांची पत्रं जपून ठेवली तर परतल्यावर मुलाखतीत त्या वर्षाचं उत्तर तयार असेल. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर राज्यसेवेला खुल्या गटातही वयोमर्यादा 38 आहे, घाई नाही.

सोडतीत नंबर लागला नाही तर पुढच्या वेळी पुन्हा नाव घालता येतं, तिच्या हातात वयाची बरीच वर्षं आहेत. तोवर सीएंकडची नोकरी सोडू देऊ नका.