"आधी कोरडा करून आणा" म्हणणाऱ्या खिडकीबद्दल

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. मानसोपचारवाले म्हणतात आधी दारू सोडा, व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी डिप्रेशनचं बघून या. आता जवळच्या साध्या दवाखान्यात दोन्हींचे उपचार एकत्र सुरू होतायत, तर दादांना तिकडे न्यावं का, असं विचारलंय. न्या. पण आधी माझी चूक ऐका. (मी डॉक्टर नाही, एका पेशंटचा भाऊ आहे.)

धाकट्यासाठी आम्ही एका विभागात दीड महिना खेटे घातले. दर वेळी तेच, "कोरडा करून आणा, मग बघू." शेवटी चिडून मी घरीच ते काम अंगावर घेतलं. बाटल्या मोरीत ओतल्या, त्याला खोलीत बसवलं आणि स्वतः दाराशी ठाण मांडलं. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं. रात्री त्याचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. मी म्हटलं, उतरतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फिट आली.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. हे मला फिट आल्यावर कळलं. कोरडा करा म्हणायला तोंड होतं, कसा ते सांगायला नव्हतं! मीही विचारलं नाही, हेही खरं.

म्हणून नव्या दवाखान्याचा बोर्ड बघू नका. 'एकात्मिक सेवा' कुणीही रंगवून घेतो. एवढंच विचारा, माणूस पिऊन आला तर परत पाठवता का? "तपासू, लागलं तर मोठ्या रुग्णालयात भरती करू" असं उत्तर आलं तर डोळे झाकून जा. "शुद्धीत आणा" आलं तर पाटी बदललीय, खिडकी तीच आहे.

आमच्याकडे शेवटी त्याच्या बीपीच्या डॉक्टरांनीच सगळं हातात घेतलं. लिव्हरच्या तपासण्या, थायमिन (बी१ जीवनसत्त्व), डिप्रेशनची गोळी, सगळं एका फाइलीत. समुपदेशक शेजारच्या खोलीत, त्याच दिवशी. तारीख चुकली की नर्सचा फोन यायचा. माझं मत विचाराल तर गोळ्यांपेक्षा त्या फोननं जास्त काम केलं. डॉक्टर कदाचित हसतील.

दोन गोष्टी जाता जाता. जेवणात गुपचूप गोळी किंवा पावडर मिसळायचा सल्ला नातेवाईक देतीलच. ऐकू नका. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध असलं आणि वरून माणूस प्यायला, तर प्राणाशी गाठ.

आणि खाली ज्यांनी हेरॉइनचं विचारलंय त्यांना, नुसतं डिटॉक्स करून, म्हणजे अंगातली नशा उतरवून, घरी आणणं सगळ्यात धोक्याचं. शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस जीव घेतो. हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात ती औषधं, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. त्यांना "एक नशा सोडून दुसरी" म्हणणाऱ्या दवाखान्यातून उठून या. नॅलॉक्सोन, म्हणजे हेरॉइनचा डोस जास्त झाला तर त्यावरचा उतारा, घरात ठेवता येईल का, तेही विचारा.

ताई, तुमच्या दादांना आधी कधी फिट आली होती का? आली असेल तर छोट्या दवाखान्यात सुरुवात नको, थेट भरती करा. आणि शेवटचं कधी प्यायले, किती, हे वहीत लिहून न्या. मला पहिला प्रश्न तोच विचारला होता आणि मला सांगता आलं नव्हतं.