देणगीवर करसवलत किती आणि कशी मिळते?

गावच्या ग्रंथालयाला 10,000 रुपये दिल्यास तेवढाच कर वाचेल का, असे आपण विचारले आहे. तसे होत नाही. आयकर कायदा, 1961 च्या कलम 80जी नुसार (1 एप्रिल 2026 पासून त्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, 2025) बहुतेक नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे 20 टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीचे, उपकर धरून, 1,040 रुपये वाचतात. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. अशा देणग्यांना समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे इतर वजावटी वगैरे वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या) 10 टक्क्यांची मर्यादा आहे. 2,000 रुपयांहून अधिक रोख रक्कम किंवा धान्य, कपडे, पुस्तके अशा वस्तू दिल्यास वजावट मिळत नाही, म्हणून धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावे.

केवळ पावतीवर मात्र विसंबू नये. संस्थेने 31 मेपर्यंत आयकर विभागाकडे देणग्यांचे विवरण (1961 च्या कायद्याखाली नमुना 10बीडी) भरून आपल्याला देणगीचे प्रमाणपत्र (त्याच कायद्याखाली 10बीई) द्यावे लागते. एका लहान न्यासाचे हे विवरण मी भरतो; एकदा पॅनमधील शून्याच्या जागी ‘ओ’ पडला आणि एका निवृत्त शिक्षिकेची वजावट अडकली, याची मला आजही खंत वाटते. पॅन स्वतः लिहून द्यावा.

संस्थेची सवलत वेगळी असते: आयकर विभागाकडे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी (1961 च्या कायद्यात कलम 12एबी खालील) असल्यास आणि उत्पन्नाचा किमान 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च केल्यास देणग्यांवर सहसा कर लागत नाही, आणि ग्रंथालयाला आपली पूर्ण रक्कम वापरता येते.