मुलीनं हात उगारला, म्हणून?

प्रश्न : रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर (रंगांची मिरवणूक) बघताना एकानं माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या अंगावर हात टाकला. तिनं त्याचं मनगट पकडून सणसणीत मुस्कटात दिली. तो गर्दीत पसार झाला. शेजारच्या मुलानं काढलेला व्हिडिओ कॉलनीभर फिरतोय आणि बायका म्हणतात, "भर रस्त्यात पोरीच्या जातीला हे शोभतं का?" चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिला नेऊ का? दहा दिवस उलटलेत, आता तक्रार घेतील?
— एक आई, इंदूर

उत्तर : वहिनी, पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात टाकणारा राहिला बाजूला आणि कॉलनीत खल चाललाय तो मुलीच्या चपराकीचा!

१९७९ साली टेंपोतून कॉलेजला जाताना माझ्याशीही एकजण असाच वागला. मी मध्येच उतरले, उरलेला रस्ता चालत गेले. वह्या छातीशी इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटांवर वळ उठले. आई एवढंच म्हणाली, "बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस." त्या दिवशीची आकाशी साडी मी पुन्हा नेसले नाही, बोहारणीला देऊन टाकली.

म्हणून सांगते, तिला हळदीकुंकवाला घेऊनच जा. आंब्याची डाळ हातात घेऊन कुणी विषय काढलाच, तर तिच्यादेखत म्हणा, "माझ्या मुलीनं बरोबर केलं." ते तिला तुमच्या तोंडून ऐकू दे.

तक्रार जरूर करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली याला १ ते ५ वर्षं कैद आणि दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. दहा दिवसांनी मुदत संपत नाही. उशीर का झाला तेवढं मात्र स्पष्ट सांगा. माणूस अनोळखी असला तरी गुन्हा नोंदवता येतो. कुठल्याही ठाण्यात जा, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलीची तक्रार महिला पोलिसानं किंवा महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

आणि तो व्हिडिओ! व्हॉट्सॲपवर फिरणारा नव्हे, ज्या फोनवर काढला त्यातला मूळ व्हिडिओ हवा. पोरं जागा करायला भराभर पुसून टाकतात. आज रात्रीच त्या मुलाच्या घरी जा.